मुलीचं 'युनिक' नाव सुचवणारी पेड सेवा: पीडीएफ देखणी, अर्थाचा कॉलम मात्र तपासून घ्या

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल. 5 पैकी 2 स्टार, आणि ते दोन सुद्धा मुख्यतः शेवटच्या एका पानासाठी. सेवेचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण अशा सेवा आता ढीगभर आहेत आणि सगळ्यांचा कच्चा माल एकच, इंटरनेटवर फिरणारी तीच ती यादी, त्यामुळे एकीला बोल लावून उपयोग नाही.

झालं असं की दादाला मुलगी झाली. आमच्याकडे बारशाला पाळण्यात बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांचे फोन मलाच, काय ठरलं, काय ठरलं. वहिनीची अट एकच, वर्गात त्याच नावाच्या अजून चारजणी नकोत. दादाची अट, कोणी अर्थ विचारला तर मान वर करून सांगता आला पाहिजे. आईची अट जन्माक्षराची. बाबा म्हणाले काहीही ठेवा पण मला उच्चारता येऊ दे. एवढ्या सगळ्या अटी बघून वहिनीच्या बहिणीने या सेवेची लिंक पाठवली आणि 999 रुपये भरून टाकले तिने, गिफ्ट म्हणून. फॉर्ममध्ये जन्मवेळ, जन्मगाव, आईवडिलांची नावं, आडनाव आणि आवड विचारतात, म्हणजे वैदिक, मॉडर्न, इंटरनॅशनल, देवीची नावं वगैरे. आम्ही 'अनकॉमन' आणि 'संस्कृत मूळ' या दोनवर टिक केली. मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, 40 नावं, प्रत्येकापुढे मूळ, अर्थ, लकी नंबर. दिसायला एक नंबर आहे हां, गुलाबी-सोनेरी बॉर्डर, कमळं, सगळं.

आता अर्थाच्या कॉलमकडे या. माझं बीए संस्कृतमध्ये झालंय, नोकरी बँकेत करते पण वाचायची सवय गेली नाही, त्यामुळे पहिलंच नाव बघून थांबले. मायरा, मूळ संस्कृत, अर्थ 'प्रिय, प्रशंसनीय'. संस्कृतात असा शब्द नाही. मायरा हे नाव 16व्या-17व्या शतकातला इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल याने आपल्या प्रेमकवितांमधल्या बाईसाठी वापरलं, म्हणजे ते जवळपास त्यानेच घडवलं असं मानतात. आणि आपल्या देशात मायरा म्हणाल तर राजस्थानात लग्नात मामाकडून जो आहेर येतो त्याला मायरा म्हणतात, नरसी मेहताच्या मायऱ्याची गोष्ट तिकडे अजून गातात. दोन्ही मुळं छान आहेत की, सांगा ना तसंच! मग त्याला संस्कृतचं लेबल कशाला चिकटवायचं?

पुढे कियारा, मूळ परत संस्कृत, अर्थ 'काळ्याभोर केसांची, तेजस्वी'. हे तर दोन वेगवेगळ्या देशांतून उचलून एकत्र शिवलंय. इटालियनमध्ये कियारा म्हणजे स्वच्छ, उजळ, असिसीच्या संत क्लेअरला तिकडे सांता कियारा म्हणतात. आयर्लंडमध्ये त्याच स्पेलिंगच्या जवळचं नाव आहे ते काळा, गडद या अर्थाच्या शब्दावरून आलंय. म्हणून ती एकाच वेळी काळ्या केसांची पण आणि तेजस्वी पण. शनाया, 'सूर्याचा पहिला किरण'. कुठल्या कोशात? आणि मराठी घरात शनाया म्हटलं की सूर्य नंतर आठवतो, आधी ती सिरियलमधली आठवते. वहिनीने तिथेच फुली मारली.

इथवर मी हसत होते. मग आली अवीरा, 'शूर, पराक्रमी स्त्री'. वीर शब्द दिसला म्हणून कोणीतरी ठोकून दिलंय, आणि पुढचा अ जो आहे तो नकाराचा आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. संस्कृतात अवीरा म्हणजे जिला नवरा नाही आणि मुलगाही नाही अशी बाई. मनुस्मृतीत कोणाकोणाकडचं अन्न खाऊ नये याची जी यादी आहे त्यात अवीरेचं नाव आहे. आता तो विचारच वाईट हे मान्य, पण तुम्ही नवजात मुलीच्या आईबापाला पैसे घेऊन हा शब्द 'शूर' म्हणून विकताय. अनाया पण तसंच. अरबीत इनाया म्हणजे काळजी, देखभाल, सुंदर अर्थ आहे, मुसलमान घरांमध्ये इनाया नाव असतंच. पीडीएफ म्हणते संस्कृत, 'जिच्यापेक्षा श्रेष्ठ कोणी नाही'. संस्कृतात अनय म्हणजे वाईट वागणूक, दुर्दैव. आणि अनया असं लिहिलंत तर ते नुसतं सर्वनाम आहे, 'हिने, हिच्याकडून'. म्हणजे कॉलेजमध्ये आम्ही जे रूप घोकलं, अनया आभ्याम् आभिः, ते पाळण्यात घालायचं.

त्रिशा, 'उदात्त'. संस्कृतातला जवळचा शब्द तृषा, म्हणजे तहान. आध्या, 'आदिशक्ती'. अहो तो शब्द आद्या आहे, द ला य, आदि वरून आलेला, पहिली, दुर्गेचं नाव. धनुष्यातला ध त्यात कुठून आला देव जाणे, पण आता तो इतका पसरलाय की बारशाच्या बॅनरवर पण आध्याच दिसतं. मनस्वी, ओजस्वी, यशस्वी ही मुलींची म्हणून दिलीत, संस्कृतात ती पुल्लिंगी रूपं, मुलीचं मनस्विनी, ओजस्विनी, यशस्विनी. मराठीत चालतं, मी काय हट्ट धरणार नाही, पण 'शुद्ध संस्कृत' असं वर लिहून खाली हे दिलं की डोळ्यात खुपतं.

कोणी म्हणेल एवढं काय त्यात, नाव ऐकायला गोड लागलं की झालं. गोड लागतं म्हणून कियारा ठेवा ना, माझी काही तक्रार नाही, इटालियन म्हणून ठेवा. पण अर्थाला काही किंमत नसते असं निदान आपल्या राज्यात तरी कोणी म्हणू नये. सातारा जिल्ह्यात मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून नकुशा, नकोशी अशी नावं ठेवलेल्या मुली होत्या, 2011 मध्ये तिथल्या प्रशासनाने शोधून काढून 280 पेक्षा जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. त्या पोरी शाळेत हजेरीला काय ऐकत असतील रोज. अर्थ नावाबरोबर येतोच, आणि ज्याला तो माहीत आहे अशी एक व्यक्ती आयुष्यात कधीतरी भेटतेच.

पीडीएफमधला 'वैदिक' भाग जरा बरा आहे, म्हणजे नावं तरी खरी आहेत. घोषा, अपाला, विश्ववारा, लोपामुद्रा, या ऋग्वेदात खरंच आहेत, यांच्या नावावर सूक्तं आहेत. पण अर्थ परत अंदाजपंचे. अपाला 'अतिशय सुंदर' असं दिलंय. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अपालेचं सूक्त आहे आणि त्यावरची गोष्ट अशी की तिला त्वचेचा रोग होता, नदीवर जाताना तिला सोम सापडला, तो तिने दाताने चावून इंद्राला दिला आणि मागितलं काय तर माझ्या बापाच्या टकलावर, त्याच्या शेतात आणि माझ्या अंगावर उगवू दे. इंद्राने तिला रथाच्या भोकातून ओढून काढली आणि तिची कांती सूर्यासारखी केली. काय भन्नाट मुलगी आहे! स्वतःसाठी मागताना बापाच्या टकलाची पण आठवण ठेवणारी. ही गोष्ट सांगितली असती तर कोणीतरी आनंदाने अपाला ठेवलं असतं, 'अतिशय सुंदर' वाचून कोण ठेवणार. घोषाची पण गोष्ट अशीच, कक्षीवानाची मुलगी, बापाच्या घरीच वय वाढत चाललेली, अश्विनीकुमारांना हाक मारते आणि तिचं लग्न होतं, दहाव्या मंडलात तिची दोन सूक्तं आहेत. विश्ववारा म्हणजे सगळ्यांना हवी असलेली, किंवा जिच्यापाशी हवं ते सगळं आहे अशी, अत्रीच्या कुळातली. नकुशाच्या बरोबर उलटं नाव बघा हे. पण या भागात लोपामुद्रेपुढे एक ओळ नाही की ती कुठली, त्यावर पुढे येतेच.

जन्माक्षराची गंमत ऐका. बाळ हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलं. ज्यांना अवकहडा चक्र माहीत नाही त्यांच्यासाठी, 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, अशी 108 अक्षरं ठरलेली आहेत, त्यात हस्ताची पू, ष, ण, ठ. तिसरा चरण म्हणजे बाणातला ण. आता ण वरून सुरू होणारं मराठी नाव मला दाखवा. आर्द्रावाल्यांचे पण हाल असतात, कू, घ, ङ, छ. आमच्या गुरुजींनी दोन मिनिटांत सांगितलं की राशी कन्याच राहते, त्याच नक्षत्राचं पू घ्या, पूर्वा ठेवा नावरसनाव आणि व्यवहारात काय हवं ते ठेवा, पत्रिकेत एक आणि शाळेत एक, पिढ्यान्पिढ्या हेच चालत आलंय. पीडीएफने काय केलं तर गुपचूप ण चा न केला आणि नायरा, निर्वी, नव्या अशी यादी लावून 'तुमच्या बाळाच्या जन्माक्षरानुसार' असं शीर्षक दिलं. न हे अनुराधा नक्षत्राचं अक्षर आहे, राशी सुद्धा वेगळी, वृश्चिक. ज्यांचा विश्वास आहे त्यांच्यासाठी हे साफ चूक, आणि ज्यांचा नाही त्यांना या पानाची गरजच नाही.

पहिल्या पानावर एक संस्कृत श्लोक छापलाय, मुलीचं नाव उच्चाराला सोपं, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेलं असावं. श्लोक खरा आहे, मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला. फक्त त्याच मनुस्मृतीत तिसऱ्या अध्यायात हेही आहे की नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं, पक्ष्याचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आणि आमच्या घराण्यात बघा, पणजी गोदावरी, तिच्या जावा यमुना आणि चंद्रभागा, एक आत्या तुळसा, एक रोहिणी. सगळ्यांची लग्नं झाली आणि चांगली टिकली. महाराष्ट्राने या श्लोकाला कधी विचारलेलं दिसत नाही, तेव्हा तो पहिला तरी कशाला सजवून छापायचा.

अंकशास्त्राबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए किंवा एक आय जास्तीचा घालून नंबर जुळवलाय. ते जास्तीचं अक्षर ती पोरगी जन्मभर प्रत्येक फॉर्मवर आणि प्रत्येक फोन कॉलवर समजावत बसणार.

आता चांगलं ते पण सांगते, दोन स्टार उगाच नाही दिले. शेवटचं पान खरंच कामाचं आहे. त्यात पूर्ण नाव मोठ्याने कसं ऐकू येईल, पहिली अक्षरं जोडून काही भलतंच बनतं का, पहिलं नाव ज्या अक्षराने संपतं त्यानेच पुढचं सुरू होतं का, असले मुद्दे दिलेत. आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला आहे ना, तो लक्षात घेऊन चारही एकत्र लिहून दाखवलीत. हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. नाव सुटं छान वाटतं पण आईच्या नावाला जोडलं की अडखळतं असं होतं, आमच्या यादीतली दोन नावं त्यावरच गळली.

तुलनेसाठी सांगते, नाशिकला रविवार कारंजावरून बाबांनी एक पातळशी नावांची पुस्तिका आणली, 60 रुपये. कागद वर्तमानपत्राचा, कव्हरवरचं बाळ परदेशी, अर्ध्या नावांना अर्थच नाही. पण जिथे आहे तिथे बहुतेक बरोबर आहे, कारण जुन्या कोणीतरी कोश उघडून लिहिलेली असणार. त्रिपथगा, तिन्ही लोकांतून वाहणारी म्हणजे गंगा. रेवा, नर्मदा, उड्या मारत जाणारी. ऋजुता, सरळपणा. विभावरी, चमचमती रात्र. मी याला 3 स्टार देईन, मायरा-कियारा यात पण घुसल्यात म्हणून 2 कापले.

पण खरा माल फुकट आहे हो. जर्मनीतल्या कलोन युनिव्हर्सिटीने संस्कृतचे मोठमोठे कोश ऑनलाइन ठेवलेत, मोनियर-विल्यम्सचा, आपल्या वामन शिवराम आपट्यांचा, शब्द टाकला की अर्थ समोर. देवनागरीत टाकायचं सेटिंग पण आहे. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा जुना कोश शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे. कोणीही पीडीएफ घेतली असेल तर त्यातलं प्रत्येक नाव आधी तिथे टाकून बघा, एका नावाला मिनिटभर पण लागत नाही. एक लक्षात ठेवा, कोशात नाही म्हणजे नाव वाईट असं नाही, फक्त 'संस्कृत मूळ' हा दावा खोटा, एवढंच.

आणि नावं शोधायला कोश उलटा वापरायचा असेल तर अमरकोश. त्यात एकेका वस्तूची सगळी नावं ओळीने दिलेली आहेत, म्हणजे आवडती गोष्ट ठरवा आणि तिचा श्लोक काढा. रात्र काढली तर निशा, निशीथिनी, त्रियामा, क्षणदा, क्षपा, विभावरी, तमस्विनी, रजनी, यामिनी. यातल्या निशा, रजनी, यामिनी आपल्या आयांच्या पिढीने संपवल्या, पण क्षणदा कोणी ठेवलेलं तुम्ही ऐकलंय? क्षण म्हणजे इथे उत्सव, निवांतपणा, तो देणारी ती क्षणदा. मला तर वेडच लागलं या नावाचं. आई म्हणाली शेजारपाजारचे शनदा म्हणतील, आणि ते खरं आहे. वीज काढली तर शंपा, शतह्रदा, ऐरावती, क्षणप्रभा, सौदामनी, चपला. शंपा बंगाल्यात ठेवतात, इकडे शाळेत त्याचं शांपू व्हायला पहिला तास पुरेल. चपला तर नकोच. ऐरावतीवरून आठवलं, इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या म्हणून तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. जिथे जन्म तिथली नदी, किती साधं आणि किती छान. आमचं बाळ ज्या हॉस्पिटलात जन्मलं त्याच्यामागे नासर्डी वाहते, तेवढं सोडून दिलं.

पीडीएफ करणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहास माहीतच नाही याचं मला जास्त वाईट वाटलं, कारण अनकॉमन म्हणाल तर खजिना इथे पडलाय. नाणेघाटातल्या लेखातली सातवाहन राणी नागनिका. नाशिकच्या पांडवलेण्यांत जिचा लेख आहे ती गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई, मुलगा आईच्या नावाने ओळखला जातो तो हाच. बलश्री, बळ आणि श्री एकाच नावात, आम्ही नाशिककर रोज हायवेवरून ती लेणी बघत जातो आणि नावं इटलीतून आणतो. हाल या सातवाहन राजाने जमवलेल्या गाथासप्तशती या कवितासंग्रहात कवयित्री पण आहेत, रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, शशिप्रभा. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या, महाराष्ट्री प्राकृतात लिहिणाऱ्या आपल्या बायका. रोहा म्हटलं की कोकण रेल्वे आठवते हे कबूल, पण अनुलक्ष्मी बघा की. संतांकडे या, महदंबा, सोयरा, निर्मळा, मुक्ता. मुक्ता म्हणजे मोकळी आणि मुक्ता म्हणजे मोती पण. सई हे सखीचं प्राकृतातून आलेलं रूप, सखी, सही, सई, शिवाजी महाराजांच्या सईबाईंचं नाव, पण ते आता अनकॉमन राहिलं नाही, आमच्या सोसायटीत जिना चढेपर्यंत तीन भेटतात.

आता लोपामुद्रा. वहिनी अमरावतीची. महाभारतात गोष्ट आहे की अगस्त्याने सगळ्या प्राण्यांमधलं जे जे सुंदर ते घेऊन एक मुलगी घडवली आणि ती विदर्भाच्या राजाला दिली, त्याला मूल नव्हतं, ती लोपामुद्रा. मग मोठी झाल्यावर अगस्त्याने तिलाच मागणी घातली, ते जाऊ दे. ऋग्वेदातल्या सूक्तात ती नवऱ्याला तोंडावर सांगते की तप पुरे झालं, म्हातारे व्हायला आलो. पीडीएफमध्ये यातलं काही नाही, 'विदुषी' एवढंच. मग माझ्या डोक्यात आलं की विदर्भाच्या मुली म्हणजे रांगच आहे, लोपामुद्रा, नळाची दमयंती, कृष्णाची रुक्मिणी, रघुवंशातल्या अजाची इंदुमती. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर तर अमरावती जिल्ह्यातच. आणि या सगळ्यांना एकच नाव लागू पडतं, वैदर्भी, विदर्भाची लेक. वर संस्कृत साहित्यशास्त्रात वैदर्भी नावाची रीत, म्हणजे लिहिण्याची शैली आहे, गोड, सुबोध, जोडाक्षरांचा खडखडाट नसलेली, काव्यशास्त्र लिहिणाऱ्या दंडीने तिचंच कौतुक केलंय. नाव कोशात आहे, अर्थ एका ओळीत सांगता येतो, बाबांना उच्चारता येतं, वर्गात दुसरी असण्याची शक्यता कमी. काकांनी कुरकुर केली, नाशिकची पोरगी आणि वैदर्भी कसली, तर आईच म्हणाली, भावोजी, गोदावरी काय नाशिकची एकट्याची आहे का. तिचं ते उत्तर कितपत बरोबर बसतं मला माहीत नाही पण काका गप्प बसले. नावात बाईचं माहेर येतंय म्हणून वहिनीला जरा संकोच वाटला, पण मान आत्याचा, आणि आता कागदावर मुलीच्या नावामागे आईचं नाव येणार तर पहिल्या नावात आईचं गाव आलं तर बिघडलं कुठे. वैदर्भी ठरलं.

सेवेच्या व्हॉट्सॲपवर मी अवीराचा खरा अर्थ कोशातल्या पानासकट पाठवला, निदान पुढच्यांना तरी देऊ नका म्हणून. उत्तर आलं, 'थँक यू मॅम, तुम्हाला हे नाव आवडलं नसेल तर अजून 20 नावांचं पॅकेज 30 टक्के डिस्काउंटमध्ये आहे.' बोलायलाच नको.

ज्यांना तरी घ्यायचीच आहे त्यांनी फॉर्ममध्ये 'संस्कृत मूळ' वर टिक न करता सरळ 'मॉडर्न' घ्या, निदान खोटा अर्थ कमी मिळेल, आणि शेवटचं पान मागून घ्या. आणि जाहिरातीत जे घाबरवतात ना, हॉस्पिटलमधून निघायच्या आत नाव हवं, नाहीतर जन्मदाखला अडकेल, त्याला भुलू नका. नावाशिवाय जन्माची नोंद होते. नंतर 12 महिन्यांच्या आत नाव फुकट घालता येतं, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत. फक्त एकदा घातलं की स्पेलिंग नीट बघा, कारण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स सगळीकडे जन्माचा पुरावा म्हणून तो दाखलाच लागणार आहे, आणि त्यात अंकशास्त्राचा एक ए जास्तीचा शिरला तर तो काढायला ऑफिसच्या फेऱ्या आईबापालाच माराव्या लागतात, पीडीएफवाले येत नाहीत.